बॅकस्ट्रीट बॉईज, त्यांचे व्हिडिओ आणि आपले ते दिवस : या, सांगा

निळी_शाई

परवा सोसायटीच्या गणपतीत लहान मुलांचे डान्स होते. लावणी झाली, कोळीगीत झालं, एक देशभक्तीपर झालं, मी मागे उभी राहून प्रसादाचे द्रोण लावत होते. आणि एकदम 'एव्हरीबडी' सुरू, म्हणजे बॅकस्ट्रीट बॉईजचं, नव्वदीतल्या त्या पाच जणांच्या अमेरिकन बँडचं गाणं! पाच पोरं स्टेजवर. एकाला नखशिखांत बँडेज गुंडाळलेलं, एकाला काळा झगा, एकाच्या तोंडाला केस चिकटवलेले, एकाला मुखवटा आणि एकाचा अर्धाच चेहरा रंगवलेला. म्हणजे व्हिडिओतल्यासारखेच ममी निक, ड्रॅक्युला हॉवी, लांडगा ब्रायन, मुखवटेवाला एजे आणि अर्ध्या चेहऱ्याचा केविन. एकही चुकलेला नाही! हे बसवणारी आपल्याच वयाची कुणीतरी आई असणार हे मला लगेच कळलं, आणि बघते तर विंगेत तिसऱ्या मजल्यावरची एक बाई पोरांच्या आधी स्टेप करतेय. आम्ही दोघी आजवर फक्त पाण्याच्या टँकरवरून बोललो होतो. त्या रात्री जिन्यात उभ्या राहून इतक्या बोललो की शेवटी दोघींच्या घरून फोन आले.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. आमच्याकडे सांगलीला तेव्हा नुसतं दूरदर्शन. केबल होती नाशिकच्या आत्याकडे, त्यामुळे मे महिना म्हणजे आंबे आणि एम टीव्ही. आतेबहीण माझ्याहून मोठी, तिला कुठला व्हिडिओ साधारण कधी लागतो याचा अंदाज असायचा. दुपारी आत्या आडवी झाली की आवाज एकदम बारीक करून आम्ही टीव्हीला नाक लावून बसायचो. बस बंद पडते, ड्रायव्हर सांगतो की आजची रात्र इथंच काढा, आणि ते पाच जण त्या भुताच्या वाड्यात शिरतात, तिथपासून आम्ही एकमेकींचे हात धरलेले असायचे. शेवटी सगळे भुतांच्या वेषात त्या मोठ्या दालनात नाचतात ना, त्यात मागे नाचणाऱ्या बायकांचे घेरदार झगेसुद्धा मला पाठ होते.

पाच जणांची वाटणी झालेली होती. ब्रायन ताईचा, निक तिच्या मैत्रिणीचा, मी लहान म्हणून मला उरलेला केविन मिळाला. पण मला तो मनापासून आवडायला लागला आणि अजून आवडतो. 'आय वाँट इट दॅट वे'मध्ये शेवटच्या आधी त्याचा जो छोटा तुकडा येतो, तो खालचा आवाज, तो आला की मी आजही हातातलं काम थांबवते.

तुमचं सांगा. कुठे पाहिलंत, कुणाबरोबर, कुठला व्हिडिओ. दुसऱ्या बँडचं असेल तरी चालेल.

चिवडा_स्पेशल

केविन पार्टी हजर!! वर्गात आम्ही दोघीच होतो. त्याच्या भुवयांवर आम्ही तास घालवलेत. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय

केबलवाल्याचा_पोरगा

मी पडद्यामागचं सांगतो. पप्पांचा केबलचा धंदा होता, तालुक्याच्या गावी. गच्चीवर डिश, खाली एक छोटी खोली, त्यात रिसीव्हर आणि मॉड्युलेटरची रांग, प्रत्येक चॅनलला एक. पंखा सतत चालू कारण ते डबे भयंकर तापायचे. आमच्याकडे डबे कमी आणि चॅनल जास्त, म्हणून मॅच असली की कुठला तरी चॅनल काढून त्या जागी मॅच टाकायला लागायची आणि पप्पा दरवेळी एम टीव्ही काढायचे, कारण पैसे भरणाऱ्या काकालोकांना मॅच हवी असायची. दहा मिनिटांत घरचा फोन सुरू. "काका गाण्यांचा चॅनल का गेला?" सगळ्या मुली. पप्पा वैतागून फोन माझ्याकडे द्यायचे. मी दहावीत. गावातल्या अर्ध्या मुलींशी मी त्या फोनवर बोललोय आणि रस्त्यात समोर आल्या तर एकीशीही बोललो नाही.

मग मी एक केलं. आपला एक लोकल चॅनल असायचा ज्यावर रात्री पिक्चर लावायचे. दिवसा तो मोकळाच. मी एका व्हिडिओ कॅसेटवर एम टीव्ही आणि चॅनल व्ही वरून जमेल तेव्हा गाणी रेकॉर्ड करत गेलो आणि मॅचच्या दिवशी ती कॅसेट लोकल चॅनलला लावायला लागलो. 'अॅज लाँग अॅज यू लव्ह मी', 'क्विट प्लेइंग गेम्स', 'एव्हरीबडी', मध्येच व्हेंगाबॉईज, मध्येच अॅक्वाचं बार्बीवालं. गाण्याच्या शेवटी व्हीजेचं, म्हणजे चॅनलवरच्या निवेदकाचं अर्धं वाक्य, मग खट्ट, पुढचं गाणं. फोन यायचे बंद झाले नाहीत. आता फर्माईश यायला लागली.

पप्पा गेल्यावर ती खोली आवरली तेव्हा ती कॅसेट सापडली. अजून कपाटात आहे, लावायला व्हीसीआर नाही.

गोदाकाठ

@केबलवाल्याचा_पोरगा वा रे वा. १९९९ च्या वर्ल्डकपला आमच्याकडे पण असाच गायब व्हायचा एम टीव्ही, आणि मी बाबांवर रुसून जेवायची नाही. तुमच्यासारखा कुणी आमच्या गल्लीत असता तर!

पप्पांबद्दल वाचून वाईट वाटलं. कॅसेट जपून ठेवा.

आजीची_लाडकी

माझी आठवण आजीची आहे. आजीला हृदयाचा त्रास, तिची बायपास झालेली, त्यामुळे ती दिवसभर हॉलमधल्या दिवाणावर. मी शाळेतून आले की रिमोट माझा. ती जप करत बसायची पण डोळे टीव्हीवर. तिला ब्रायन आवडायचा. "तो घाऱ्या डोळ्यांचा बघ, शहाण्या घरचा दिसतो," म्हणायची. एजेला ती "तो टोपीवाला" म्हणायची आणि त्याच्या दाढीबद्दल तिचं मत वाईट होतं.

तर १९९८ मध्ये ब्रायनचं हृदयाचं ऑपरेशन झालं, ओपन हार्ट. जन्मापासून हृदयाला छिद्र होतं त्याच्या. मला ते उशिरा कळलं, एका मैत्रिणीकडच्या मासिकात. मी घरी येऊन आजीला सांगितलं. आजी उठून बसली. "एवढ्याशा पोराचं?" मग तिने मला विचारलं टाके कुठून कुठवर. मला काय माहीत! तिने स्वतःच्या पदराखालून बोट फिरवून दाखवलं, इथून इथवर असणार, आणि म्हणाली आता त्याला सहा महिने वजन उचलू देऊ नये, आणि हे नाचबिच तर अजिबात नाही. तो तर थोड्याच दिवसांत टूरवर नाचत होता.

नंतर 'शो मी द मीनिंग'चा व्हिडिओ आला. त्यात ब्रायन हॉस्पिटलात आहे, स्ट्रेचरवरून नेतायत. आजीने माळ खाली ठेवली आणि पूर्ण बघितला. त्यानंतर तो कुठल्याही गाण्यात दिसला की ती विचारायची, "बरा आहे ना गं आता?" मी म्हणायचे हो आजी, एकदम बरा आहे. "मग ठीक."

आजी २००४ ला गेली. ब्रायन अजून गातो. त्याचा आवाज मध्ये बिघडला होता, घशाच्या स्नायूंचा काहीतरी त्रास, तरी गातो. आजी असती तर तिने त्याला ज्येष्ठमध लावून दिलं असतं.

निळी_शाई

@आजीची_लाडकी काय लिहिलंस गं. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाचतेय आणि डोळे पुसतेय.

चिवडा_स्पेशल

आजीसाठी माझ्याकडून एक नमस्कार. 'टोपीवाला' हाहाहा, आमची आई त्याला 'तो गुंड' म्हणायची. एजे बिचारा.

सुपारी_फुटली

ज्येष्ठमधावरून आठवलं, आवाज बसला असेल तर ज्येष्ठमध आणि खडीसाखर एकत्र धरायची तोंडात. आमच्याकडे भजनी मंडळात सगळे तेच करतात. काढा घेऊ नका रिकाम्यापोटी, पित्त होतं.

आजीची_लाडकी

@सुपारी_फुटली हो, आजी अगदी तेच द्यायची, खडीसाखर नसेल तर गूळ.

रांगडा_कोल्हापुरी

खुर्च्या. माझं एकच म्हणणं, खुर्च्या.

'अॅज लाँग अॅज यू लव्ह मी'मध्ये ते घडीच्या खुर्च्या घेऊन नाचतात ते आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला बसवलं. भावांनो त्यांच्या खुर्च्या हलक्या असणार. आम्ही मंडपवाल्याकडनं आणल्या, लोखंडी, पाठीवर मंडपवाल्याचं नाव रंगवलेलं. ती खुर्ची पायानं मागं रेलून परत सरळ करायची आणि त्याच तालात उलटी फिरवून बसायचं. महिनाभर होस्टेलच्या गच्चीवर प्रॅक्टिस, रात्री दहानंतर, लोखंड फरशीवर असलं वाजायचं की खालच्या मजल्यावरची पोरं काठी घेऊन वर आली. वर आली आणि बघत बसली. त्यातला एक जण पाचवा झाला कारण आमचा पाचवा कावीळ होऊन गावाला गेलता.

गॅदरिंगच्या दिवशी पांढरे शर्ट कुणाकडं सारखे नव्हते म्हणून एनसीसीवाल्या मित्राकडनं बनियन आणले पाच, नवेकोरे. आणि काय नाचलो राव. पहिल्या कडव्याला पोरं ओरडत होती, दुसऱ्याला मुली, आणि शेवटी खुर्च्या एकदम खट्टकन बंद केल्या तेव्हा आमचे फिजिक्सचे सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आम्ही पाच जण अजून एकत्र आहोत. एक इस्लामपूरला असतो, त्याच्या पोरीच्या लग्नात करायचं ठरलंय. खुर्च्या प्लॅस्टिकच्या घेणार.

गोदाकाठ

त्याच व्हिडिओत त्या ज्या मुली ऑडिशन घेत असतात ना, त्यातलीच एक लेअॅन. ब्रायनला ती तिथेच शूटिंगला भेटली आणि २००० मध्ये त्यांचं लग्न झालं. त्यामुळे मला तो व्हिडिओ बघताना आता त्यांच्या लग्नाचा अल्बम बघितल्यासारखं वाटतं.

रांगडा_कोल्हापुरी

@गोदाकाठ काय सांगता! हे आमच्या इस्लामपूरवाल्याला लगेच पाठवतो. त्याचं पण गॅदरिंगमधनंच जमलंय.

वऱ्हाडी_वांगं

तुमी सगळे एकाच बाजूचे दिसून राहिले. आमच्या नागपुरात बॉयझोनवाले, म्हनजे त्या आयरिश बँडचे फॅन, पण होते अन् मी त्यायचा लीडर होतो. रोनन कीटिंगचा आवाज काय होता बाप्पा. बॅकस्ट्रीटवाले नाचतात म्हणून भारी, डोळे बंद करून ऐका मग सांगा.

एक_तानपुरा

@वऱ्हाडी_वांगं दादा डोळे बंद करूनच सांगते, मी गाणं शिकवते :)

पाचही जणांचे आवाज वेगळ्या जातीचे आहेत हे त्यांचं बळ. केविनचा खर्जातला, हॉवीचा एकदम वरचा आणि बारीक, ब्रायनचा गोड आणि सरळ, एजेचा खरखरीत, निकचा मधला. कोरसमध्ये हे पाच थर एकमेकांवर बसतात आणि तरी प्रत्येक वेगळा ऐकू येतो. 'आय वाँट इट दॅट वे'मध्ये केविनचा तुकडा संपल्यावर काय होतं बघा, सगळं गाणं एक सूर वर सरकतं. पट्टीच बदलते. ऐकणाऱ्याला कळत नाही काय झालं, पण छातीत काहीतरी वर उचललं जातं. मी माझ्या विद्यार्थ्यांना हार्मोनियमवर हे दाखवते, आधी खालच्या पट्टीत कोरस, मग वरच्या. मुलं म्हणतात मॅडम परत.

या चाली स्टॉकहोममध्ये बनल्या. चेरॉन नावाचा स्टुडिओ, डेनिस पॉप आणि त्याचा शिष्य मॅक्स मार्टिन. फ्लोरिडाच्या ऑरलँडोची पोरं, स्वीडनच्या चाली, आणि आधी गाजले ते जर्मनीत, अमेरिकेत नंतर. 'आय वाँट इट दॅट वे'चे शब्द एकमेकांना जुळत नाहीत म्हणून त्यांनी एकदा अर्थ नीट लागेल असे दुसरे शब्द लिहून रेकॉर्डही केलं होतं. पण ऐकल्यावर सगळ्यांना पहिलंच बरं वाटलं, तेच ठेवलं. बरोबर केलं. बंदिशीत तरी आपण कुठे शब्दांचा हिशोब मागतो?

वऱ्हाडी_वांगं

@एक_तानपुरा मॅडम एवढं समजावून सांगितल्यावर काय बोलाव. ऐकतो परत. पन रोनन रोनन आहे.

गोदाकाठ

डेनिस पॉप १९९८ मध्ये कॅन्सरने गेला, पस्तिशीत. वर 'शो मी द मीनिंग'चा विषय निघालाय तर सांगते, त्या व्हिडिओत जी बस येते तिच्या पाटीवर 'डेनिस स्ट्रीट' लिहिलंय, त्याच्यासाठी. हॉवीची बहीण पण त्याच वर्षी ल्युपस नावाच्या आजाराने गेली होती. आपण तेव्हा फक्त कपडे आणि केस बघत होतो, ही मुलं काय काय घेऊन तिथं उभी होती.

म्हापसेकार

गोव्याहून. आमच्याकडे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक कॅसेटवाला बसायचा, चटई टाकून, एका बाजूला कोंकणी तियात्रांच्या, म्हणजे नाटकांच्या कॅसेटी आणि दुसऱ्या बाजूला इंग्लिश. आई चोरीस (गोव्याचे सॉसेज) नि मिरच्या घेईस्तोवर मी तिथे उकिडवा. त्यांच्या 'मिलेनियम' अल्बमची कॅसेट मी तिथेच घेतली, निळ्या रंगावर पाच जण पांढऱ्या कपड्यांत. आतला कागद अकॉर्डियनसारखा उघडायचा आणि त्यावर सगळी गाणी छापलेली, अक्षर मुंगीएवढं. तो कागद घड्यांवर फाटला तेव्हा मी मागून सेलोटेप लावली, ती पिवळी पडली, मग दुसरी लावली. अजून आहे.

लग्नात आमच्याकडे लाइव्ह बँड असतो, त्या काळात प्रत्येक लग्नात एक स्लो डान्स 'आय वाँट इट दॅट वे'वर ठरलेला. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात बँडच्या गायकाला ताप होता म्हणून माझ्या मामाने गायलं. मामा दुबईहून आलेला, ड्रायव्हर होता तिथे, रात्री गाडी चालवताना ऐकून ऐकून त्याला पाठ. इतकं सुंदर गायला की माझ्या बहिणीचा नवरा नाचायचं सोडून त्याच्याकडेच बघत उभा. पट्टी वर जाते म्हणून वर सांगितलंय ना मॅडमनी, तिथे मामाने डोळे मिटले आणि गेला वर, अगदी बरोबर.

चिवडा_स्पेशल

मामा जिंदाबाद!!

आता वेळ मिळालाय म्हणून लिहिते. माझी दोनशे पानी वही होती, अर्धी गणित, उलटीकडून गाणी. टेपचं पॉज बटण दाबून एकेक ओळ लिहायची. ज्या ओळी कळायच्या नाहीत त्या देवनागरीत जशा ऐकू येतील तशा. मोठा दादा इंजिनिअरिंगला होता, तो आला की त्याला त्या ओळी वाचून दाखवायच्या. तो कधीही हसला नाही. डोळे बारीक करून ऐकायचा, टेप मागे घ्यायचा, परत ऐकायचा, आणि "हे असं असेल बघ" म्हणून माझ्या देवनागरीच्या वर पेन्सिलने इंग्रजी लिहायचा. मला इंग्रजी बोलायला जे काही येतं त्याचा पाया ती वही आणि दादा. आता तो पर्थला असतो, मुलांना तिकडे असाच अभ्यास घेत असेल.

फोडणीचा_भात

कुणाकडे चांगला चालणारा टेपरेकॉर्डर आहे का? किंवा दुरुस्त करणारा, पुण्यात? आमचा सोनीचा आहे, कॅसेट फिरते पण आवाज कधी जाड कधी बारीक येतो.

केबलवाल्याचा_पोरगा

@फोडणीचा_भात बेल्ट सैल झालाय. आतला रबरी बेल्ट, फार महाग नसतो, मापाचा मिळाला तर घरीच बदलता येतो. हेडवर पण कापसाला स्पिरिट लावून हलकेच पुसून घ्या, तपकिरी मळ निघेल.

न्यूजर्सीची_सुगरण

मी गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैमध्ये, लास व्हेगासला जाऊन आले. तिथे स्फिअर म्हणून तो गोल घुमट आहे, आतून पूर्ण पडदा, त्यात यांचे 'मिलेनियम'चे शो लागले. आम्ही मुंबईच्या रुपारेल कॉलेजच्या तिघी मैत्रिणी, एक टेक्सासहून, एक टोरांटोहून, मी इकडून. लोक सगळे पांढऱ्या कपड्यांत आलेले, आम्ही पांढऱ्या चिकनकारी कुर्त्यांत. शेजारच्या रांगेतल्या मेक्सिकन बायका कुर्ते कुठून घेतले विचारत होत्या.

'लार्जर दॅन लाइफ'नेच सुरुवात. त्याचा मूळ व्हिडिओ आठवतो ना, अंतराळयान, रोबो, त्या काळात वीस लाख डॉलरच्या वर खर्च केलेला त्यावर. गाणं आहेच मुळी चाहत्यांसाठी लिहिलेलं. आमच्या होस्टेलच्या कॉमन रूममधल्या टीव्हीवर ते यान हिरवं दिसायचं कारण टीव्हीची ट्यूब गेलेली. आणि इथे चारी बाजूंनी तेच आकाश. टोरांटोवाली मैत्रीण मागच्या वर्षी केमोतून उठलेय. तिचे केस नुकते परत येतायत, एजेपेक्षा थोडे मोठे. ती पूर्ण दोन तास उभी होती, आम्ही बस म्हणालो तरी बसली नाही. मी तिच्याकडे बघू की स्टेजकडे, मला कळेना.

आजीची_लाडकी

@न्यूजर्सीची_सुगरण तुमच्या मैत्रिणीला खूप खूप प्रेम. आणि उभी राहिली म्हणून शाबासकी.

मधलं_सीट

मुंबईत २०२३ ला मे महिन्यात बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) आले होते तेव्हा मी गेलो होतो. मी पुरुष आहे हे सांगतो कारण शाळेत असताना हे आवडतं म्हटलं की पोरं छळायची. वर्गात माझ्याखेरीज कुणी मुलगा उघड बोलायचा नाही. मी बोलायचो, वहीवर स्टिकर लावायचो. मार पण खाल्लाय. बीकेसीच्या त्या मैदानात माझ्या आजूबाजूला चाळिशीतले कितीतरी बाप्ये, पोटं सुटलेली, ऑफिसचं आयडी कार्ड गळ्यात, आणि एकूण एक शब्द पाठ! मी एकाला विचारलं कुठली शाळा, तर माझ्याच शाळेचा, दोन वर्षं पुढे. मिठी मारली त्याला. घाम, उकाडा, मे महिना, कशाचं काय वाटलं नाही.

केविन २००६ ला बाहेर पडला होता आणि २०१२ ला परत आला, त्यामुळे पाचही जण समोर बघायला मिळाले याचा आनंद वेगळा.

वऱ्हाडी_वांगं

@मधलं_सीट भाऊ, मन जिंकलं. आमच्या गँगमध्ये असता तर कोनाची हिंमत झाली नसती हात लावायची. बॉयझोन असलो म्हणून काय झालं.

सुपारी_फुटली

बीकेसीला पार्किंगचं काय करता हो तुम्ही लोक? आम्ही प्रदर्शनाला गेलो होतो तर कुर्ल्यापर्यंत चालत आलो.

मधलं_सीट

वांद्रे स्टेशनहून शेअर रिक्षा, परत येताना चालत.

सोनचाफा_

आपल्याकडच्या 'बँड ऑफ बॉईज'ला विसरू नका हं कुणी. २००१ च्या आसपास. त्यात चिंटू भोसले म्हणजे आपल्या आशाताईंचा नातू, आणि सिद्धार्थ हळदीपूर म्हणजे व्हायोलिनवाले अमर हळदीपूर यांचा मुलगा. 'गोरी' लागलं की आमच्या चाळीत सगळ्या खिडक्यांतून एकच आवाज. आमच्यासाठी ते आपल्या घरचे बॅकस्ट्रीट बॉईज होते, गिरगावात तर लोक अगदी ओळखीचे असल्यासारखे बोलायचे त्यांच्याबद्दल.

एक_तानपुरा

@सोनचाफा_ बरी आठवण केलीत. घरात एवढं गाणं असताना पॉप करायला निघाले त्याचं मला तेव्हाही कौतुक होतं.

निमसरकारी_कर्मचारी

आणि ते दोन चिनी विद्यार्थी? होस्टेलच्या खोलीत वेबकॅमसमोर बसून 'आय वाँट इट दॅट वे'ला नुसते ओठ हलवतात, अंगात बास्केटबॉलचे जर्सी, आणि मागे एक जण पाठ करून कॉम्प्युटरवर गेम खेळतोय, वळूनसुद्धा बघत नाही. २००५ चं. ऑफिसात एकाच्या मेलवर आलं आणि दुपारपर्यंत सगळ्या सेक्शनला पोचलं. आमचे साहेब शिस्तीचे, त्यांनी आवाज ऐकून काय चाललंय म्हणून विचारलं. दाखवलं. साहेब म्हणाले परत लावा. मग म्हणाले हे माझ्या मुलीच्या खोलीत दिवसभर वाजायचं, ती आता हैदराबादला असते. त्या दिवशी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत तिला फोन केला, मी समोरच होतो, म्हणाले "तुझं ते गाणं ऐकतोय."

गोदाकाठ

'क्विट प्लेइंग गेम्स'चं कुणीच बोललं नाही! बास्केटबॉलचं कोर्ट, रात्र, धो धो पाऊस, शर्टाची बटणं उघडी. आमच्या इमारतीत तो लागला की शेजारच्या काकू मुद्दाम वाटी घेऊन यायच्या विरजण मागायला आणि दारातच उभ्या राहायच्या, गाणं संपेपर्यंत. विरजण त्यांच्याकडे असायचंच. आई काही बोलायची नाही, खुर्ची सरकवून द्यायची फक्त.

निळी_शाई

विरजणवाल्या काकू हाहाहा. गोदाकाठ तू पण नाशिकची ना? कुठे? आत्या गंगापूर रोडला होती.

गोदाकाठ

@निळी_शाई पंचवटी! आणि तुझी आतेबहीण कुठे असते आता?

निळी_शाई

रत्नागिरीला, डॉक्टर आहे. हे सगळं तिला वाचायला पाठवलंय, म्हणाली दवाखाना संपला की लिहिते. तिचा निरोप फक्त एवढाच : ब्रायन अजून माझाच आहे.

रांगडा_कोल्हापुरी

@केबलवाल्याचा_पोरगा भावा ती तुझी व्हिडिओ कॅसेट. त्यात खुर्च्यांचं गाणं पूर्ण आहे का? इंटरनेटवर आहे ते माहितेय पण आपल्याला ती व्हीजेच्या अर्ध्या वाक्यासकट पाहिजे. माझ्या चुलतभावाचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे कोल्हापुरात, त्याच्याकडं जुना व्हीसीआर चालू आहे, कॅसेटवरनं कॉम्प्युटरवर घेऊन देतो तो.

केबलवाल्याचा_पोरगा

@रांगडा_कोल्हापुरी पूर्ण आहे. दोनदा आहे बहुतेक. खरंच होईल का? पप्पांचा आवाज पण आहे त्यात एका ठिकाणी, मी रेकॉर्डिंगचं सेटिंग करताना माईक चालू राहिला होता, ते मला जेवायला हाक मारतायत.

रांगडा_कोल्हापुरी

होणार म्हणजे होणार. पैसे-बिशे काय नको. पण पाठवायच्या आधी एक कर. कॅसेटच्या खिडकीतनं उजेडाला धरून बघ, रिळाच्या कडेला पांढरं भुरभुरीत काय दिसतंय का. दिसलं तर बुरशी हाय ती, तशीच कुठल्या मशीनमध्ये घालू नको, टेप पण जाईल आणि मशीनचं हेड पण. भाऊ आधी साफ करून घेतो. एसटी पार्सलनं टाक, पण प्लॅस्टिकच्या डब्यात, बाहेर पाऊस हाय.